दुपारी चारचा एकत्र चहा बंद करावा का?

उद्यमनगरचा लेथवाला यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे लहानसे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेली कास्टिंग घ्यायची, ती लेथवर आणि व्हीएमसीवर (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या यंत्रावर) मापात उतरवायची आणि गिऱ्हाइकाकडे पाठवायची, असा आमचा धंदा आहे. वडिलांनी एका जुन्या लेथवर तो सुरू केला; आज माझ्यासह १८ माणसे तेथे काम करतात.

वडिलांनी सुरुवातीपासून एक शिस्त लावली होती. दुपारचे चार वाजले की सगळी यंत्रे बंद करायची, हात धुवायचे आणि पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये समोरासमोर मांडलेल्या दोन लांब बाकांवर बसून सर्वांनी एकत्र चहा घ्यायचा. किटली मालकाच्या हातात असायची, पहिला कप सर्वांत नव्याने कामाला लागलेल्या पोराला मिळायचा आणि शेवटच्या माणसाच्या हातात कप येईपर्यंत कोणी घोट घ्यायचा नाही. बिघडलेल्या जॉबची बोलणी त्या वीस मिनिटांत काढायची नाहीत, हाही नियमच होता. वडील गेल्यानंतर किटली माझ्याकडे आली आणि मी हे सारे फारसा विचार न करता तसेच चालू ठेवले.

आता माझा पुतण्या अभियांत्रिकीची पदवी घेऊन धंद्यात आला आहे. मुलगा हुशार आहे, आणि त्याने मांडलेल्या हिशेबात मला चूक सापडलेली नाही. १८ माणसे गुणिले २० मिनिटे म्हणजे रोजचे ६ तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर १५६ तास. त्याचे म्हणणे असे की चहाचे एक यंत्र बसवावे, ज्याला जेव्हा हवा तेव्हा त्याने बटण दाबून चहा घ्यावा आणि यंत्रे चालू राहावीत. "काका, चहा बंद करा असे मी म्हणत नाही, सगळ्यांनी एकाच वेळी पिणे बंद करा," असे तो म्हणतो.

मागच्या महिन्यात एका तातडीच्या ऑर्डरीमुळे आम्ही आठ दिवस चहा जागेवरच दिला. काम पुढे सरकले, हे मी मान्य करतो. मात्र तिसऱ्या दिवसापासून आमचा टर्नर आणि तपासणी करणारा मुलगा, हे दोघेही एकमेकांविषयीच्या तक्रारी मोबाइलवर लिहून मला पाठवू लागले. दोघांच्या जागांमध्ये दहा फुटांचेही अंतर नाही. पुन्हा बाकावर बसायला लागल्यावर पहिल्याच दिवशी त्यांच्यात काही समेट झाला असे नाही. एकाने दुसऱ्याला खारीचा पुडा पुढे केला, दुसऱ्याने त्यातली एक घेतली, आणि मला येणारे निरोप थांबले.

पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला की हा योगायोग असू शकतो. असूही शकेल. म्हणून आपणा सर्वांना विचारतो: एकत्र चहा घेतल्याने माणसे एकमेकांशी नीट वागायला खरोखरच शिकतात, की हा माझ्या वयाचा भाबडेपणा आहे? कृपया केवळ "चालू ठेवा" असे न लिहिता कारणे द्यावीत. मला ती पुतण्यापुढे मांडायची आहेत.

मंगळवार पेठेतील निवृत्त शिक्षिका यांचे उत्तर

आपल्या वडिलांनी पहिला कप सर्वांत नव्या पोराला देण्याचा नियम घातला, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. आपल्याकडे चहा देण्याचा क्रम सहसा वरून खाली असतो. साहेब, मग पाहुणे, मग कारकून, आणि शिपायाचा चहा किटलीत उरला तर. तो क्रम ज्यांनी जाणूनबुजून उलटा केला, त्यांना चहातून काय घडते हे पक्के ठाऊक असले पाहिजे.

शिक्षिका म्हणून मला असे दिसत आले की मुलांना सभ्यपणाचे पाठ तोंडी दिले तर ते परीक्षेपुरते टिकतात. हाताला सवय लागली की टिकून राहतात. आमच्या घरी दुपारी चारच्या चहाचे काम आम्हा मुलांकडे असे. कप काठोकाठ भरायचा नाही, कारण नेताना बशीत सांडतो आणि घेणाऱ्याची बोटे भाजतात. कपाचा कान घेणाऱ्याच्या उजव्या हाताला यावा अशा बेताने ट्रे फिरवायचा. आधी पाणी द्यायचे, मग चहा. बशीत ओतून पिणाऱ्या आजोबांकडे पाहून हसायचे नाही आणि त्यांच्या फुरक्याची नक्कल तर मुळीच करायची नाही. चहा झाल्यावर पाहुण्याचा रिकामा कप त्याच्यासमोर फार वेळ ठेवायचा नाही, पण लगेच उचलायचाही नाही, कारण लगेच उचलला की "आता उठा" असे सांगितल्यासारखे होते. यांतला एकही नियम कोणी आम्हांला लिहून दिला नव्हता. प्रत्येकामागे समोरच्या माणसाची काही तरी अडचण होती आणि ती आपण आधीच ओळखायची, एवढेच त्यात शिकायचे होते.

अवेळी कोणी आले आणि चहा कमी पडला, तर आई म्हणायची, "माझा आत्ताच झाला." ते खरे नसायचे. पाहुण्यालाही बहुधा ते कळत असे, आणि तो "मला अर्धाच पुरे" असे म्हणत असे. तेही खरे नसायचे. अशी दोन खोटी वाक्ये एकमेकांना भेटली की दोन कपांचा चहा तिघांना पुरत असे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. कोल्हापुरात बसून चहा आणि माणुसकी यांविषयी बोलायचे, आणि गंगाराम कांबळे यांचे नाव घ्यायचे नाही, हे योग्य होणार नाही. राजवाड्यात नोकरीला असलेल्या गंगारामांना पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्याच्या कारणावरून तेथील सवर्ण नोकरांनी मारहाण केली होती. शाहू महाराजांनी मारहाण करणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास सांगून मदत केली, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल उभे राहिले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हॉटेलात चहा प्यायला कोण येणार, हा खरा प्रश्न होता. महाराज स्वतः खडखडा नावाच्या घोडागाडीतून येत, गाडी हॉटेलासमोर थांबवून गंगारामांना चहा आणायला सांगत, आणि गाडीतल्या बरोबरच्या मंडळींनाही तोच चहा घ्यायला लावत. महाराजांसमोर नको म्हणायची कोणाची छाती होणार? महाराजांचे निधन १९२२ साली झाले, म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. संस्थानात सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम १९१९ मध्ये निघाले होते, पण माझ्या मते भर रस्त्यात घेतलेल्या त्या कपाने जे केले, ते कागदावरच्या हुकुमाला एकट्याने करता आले नसते.

तेव्हा आपल्या पुतण्याला माझा निरोप द्या की वीस मिनिटांचा हिशेब जरूर करावा. आपल्याला मात्र एक वेगळाच प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या शेडमधल्या दोन बाकांवर १८ माणसे बसतात असे आपण लिहिले आहे. आपल्या आवारात रोज येणारे, पण त्या १८ मध्ये न मोजलेले कोणी आहे का?

हिशेबी माणूस यांचे उत्तर

बाईंचे उत्तर वाचून आनंद झाला, तरीही मला विरुद्ध बाजूने लिहावेसे वाटते. नाही तर सगळेच चहाची आरती ओवाळतील आणि पुतण्याच्या बाजूने बोलायला कोणीच राहणार नाही.

पहिली गोष्ट अशी की कामाच्या ठिकाणी चहाची सुटी ही आपली प्राचीन संस्कृती वगैरे नाही. इंग्लंडात दुपारच्या चहाचा थाट १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसने रूढ केला असे सांगतात, आणि तोही दुपारच्या व रात्रीच्या जेवणांत फार अंतर पडल्यामुळे लागणारी भूक भागवण्यासाठी. आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या काळात चहा उत्पादकांच्या संघटनेने कारखाने, गिरण्या आणि खाणी यांत चहाची दुकाने लावून घेतली आणि कामगारांना चहासाठी सुटी द्यावी असा आग्रह धरला, कारण त्यांना देशातच गिऱ्हाईक हवे होते. पुढे पत्तीऐवजी बारीक दाण्यांची सीटीसी भुकटी सर्वत्र झाली; थोड्या भुकटीत दाट, कडक चहा होऊ लागला आणि तो गरिबालाही परवडला. ज्याला आपण संस्कार म्हणतो, त्याचा उगम विक्रीच्या मोहिमेत आहे.

दुसरे असे की चहा जोडतो, तसा तोडतोही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशन या ख्रिस्ती संस्थेत टिळक, रानडे आदी मंडळी एका कार्यक्रमाला गेली आणि तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी ती घेतली, कोणी केवळ कप हातात धरला. परंतु उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि सनातनी मंडळींनी एवढे रान उठवले की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि त्यांतल्या काही मोठ्या माणसांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. आजही विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधी पक्ष त्यावर बहिष्कार टाकतात. चहा न घेणे हीसुद्धा एक भाषा आहे आणि आपल्याला ती उत्तम बोलता येते. "चहापाणी" या शब्दाला सरकारी कचेऱ्यांत कोणता अर्थ चिकटला आहे, ते मी लिहीत बसत नाही.

तिसरे माझ्या स्वतःच्या अनुभवाचे आहे. मला पित्ताचा त्रास आहे आणि चहा सोसत नाही. माझ्या जुन्या नोकरीत असाच एकत्र चहा असे. मी नाही म्हटले की "एवढा काय भाव खातोस," "अर्धा तरी घे," "आमच्या हातचा चालत नाही काय" असे सुरू होई. शेवटी मी कप घेऊन हळूच कुंडीत ओतू लागलो. ज्या प्रथेत नाही म्हणण्याची मोकळीक नाही, तिला सौजन्याची शाळा म्हणायला मी तयार नाही. (ती कुंडी पुढे वाळली, पण तिचा दोष मी चहाला देत नाही, तिला पाणी घालणारेही कोणी नव्हते.)

थोडक्यात, लेथवाले साहेब, आपल्या शेडमध्ये जे घडते ते चहामुळे घडत नसून आपल्या वडिलांनी घातलेल्या नियमांमुळे घडते. यंत्र बसवा आणि तेच नियम दुसऱ्या कशाला तरी लावून पाहा.

नोकरीपुरता पुणेकर यांचे उत्तर

मूळचा मी शाहूपुरीचा आहे आणि गेली बरीच वर्षे हिंजवडीतल्या एका संगणक कंपनीत काम करतो. आपल्या पुतण्याला हवे आहे तसे यंत्र आमच्या प्रत्येक मजल्यावर आहे. त्यातला चहा पिण्याजोगा असतो, निदान गरम तरी असतो. त्या यंत्रापाशी उभा असताना मात्र प्रत्येक जण मोबाइल पाहत असतो. कप भरायला अर्धे मिनिट लागते आणि तेवढ्या वेळात शेजारच्याशी बोलायला सुरुवात करणे कोणालाच जमत नाही. पाच वर्षे ज्याच्यामागे रांगेत उभा राहिलो, त्याचे नाव मला तो नोकरी सोडून जाताना त्याच्या निरोपाच्या पत्रातून कळले.

गंमत अशी की त्याच कंपनीच्या फाटकाबाहेर एक टपरी आहे आणि दुपारी साडेतीन-चारला अख्खे खाते तेथे उभे असते. आत फुकट मिळणारा चहा सोडून माणसे बाहेर पैसे देऊन पितात. तेथे "दोन चहा तीनात" असे सांगितले की एकाने दोघांचा विचार केलेला असतो, पैसे कोणी द्यायचे यावरून खोटे भांडण होते, आणि ज्याने काल दिले त्याचा हात आज खिशात जाऊ दिला जात नाही. याचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, तरी तो सगळ्यांच्या लक्षात असतो.

"चहात काही नाही, नियमांत आहे" हे हिशेबी साहेबांचे म्हणणे मला अर्धे पटले. कामानिमित्त काही महिने जपानात होतो. तेथे चहाचा जो विधी आहे, त्याला आजचे रूप देण्यात सोळाव्या शतकातील सेन नो रिक्यू यांचा मोठा वाटा मानतात. चहाच्या खोलीचे दार इतके ठेंगणे असते की कितीही मोठा माणूस असला तरी वाकून, गुडघ्यांवर सरकतच आत जावे लागते. सामुराईलाही तलवार बाहेर ठेवावी लागे. आत गेल्यावर पाहुणा आपला वाडगा लगेच तोंडाला लावत नाही. तो शेजारच्या पाहुण्याकडे वळतो आणि "तुमच्याआधी घेतो आहे" अशा अर्थाचे शब्द बोलतो. पुढे तो वाडगा हातात किंचित फिरवतो, म्हणजे त्याची दर्शनी, देखणी बाजू आपल्या ओठांखाली येत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला परके काही वाटलेच नाही. आमच्या शाहूपुरीच्या घरात "घ्या की तुम्ही आधी", "नाही, तुम्ही घ्या" असे म्हणता म्हणता चहावर साय धरत असे, त्याचीच ती नीटनेटकी आवृत्ती होती.

जे पटले नाही ते असे. नियम दुसऱ्या कशालाही लावता येतील, हे बोलायला सोपे आहे. पाणी माणूस एका दमात पितो आणि निघतो. जेवणात पथ्य, उपवास, डबा, आवडनिवड असे सतरा भेद येतात आणि प्रत्येक जण आपापल्या डब्यात पाहतो. चहा मात्र गरम असतो. तो घाईने पिताच येत नाही, आणि गार होऊ देणेही परवडत नाही. त्यामुळे पाच-सात मिनिटे दोन्ही हात गुंतलेले, तोंड मोकळे आणि उठून जायला कारण नाही, अशी अवस्था आपोआप तयार होते. अशी दुसरी वस्तू मला तरी सुचलेली नाही.

आईच्या वतीने यांचे उत्तर

मी येथे नेहमी फक्त वाचते. बाईंनी विचारलेल्या शेवटच्या प्रश्नामुळे आज लिहिते आहे.

माझी आई राजारामपुरीत तीन घरी धुणीभांडी करते. दुपारी तीन ते पाच या वेळात ती या घरांतून फिरत असल्यामुळे तिन्ही घरांचा दुपारचा चहा तिच्या वाट्याला येतो. पहिल्या घरी तिचा चहा खिडकीत ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात असतो. त्या घरात काचेचे बारा कप आहेत आणि ते आईच रोज घासते. तिच्यासाठी मात्र पेला वेगळा आहे, तो तिनेच धुवायचा आणि पुन्हा खिडकीतच उपडा ठेवायचा. त्या घरची माणसे वाईट नाहीत. दिवाळीला साडी देतात, माझ्या वह्या-पुस्तकांनाही त्यांनी पैसे दिले. पेला वेगळा आहे हे बहुधा त्यांच्या ध्यानातही येत नसावे. दुसऱ्या घरी चहा असतो, पण घरातले सगळे उठल्यानंतर, गाळणीत उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून केलेला.

तिसऱ्या घरी एक आजी एकट्या राहतात. त्या चारला चहा टाकतात आणि आई भांडी संपवून येईपर्यंत स्वतःचाही कप झाकून ठेवतात. सुरुवातीला आई सवयीने जमिनीवर बसली. आजींचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही, त्या म्हणाल्या, "तू खाली बसलीस तर मला मान वाकवून बोलावं लागतंय, वर बस." दोन-तीन दिवस आई खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसत असे, हे तिनेच मला हसत हसत सांगितले आहे. आता दोघी एकमेकींच्या दुखण्याची चौकशी करतात, मालिकांवर भांडतात, आणि आजींच्या मुलाचा परदेशातून फोन आला की त्या त्याला सांगतात, "आम्ही चहा घेतोय, नंतर कर."

तिन्ही घरी चहाची भुकटी जवळपास सारखीच आहे, आणि दूध तर एकाच गवळ्याचे आहे. संध्याकाळी आई घरी येते तेव्हा ती कोणत्या घरातून शेवटी निघाली, हे मला तिच्या बोलण्यावरून ओळखता येते. हिशेबी साहेबांनी लिहिलेली जबरदस्ती मीही पाहिली आहे. पण खिडकीतल्या पेल्यातला चहा नाकारण्याची सोय माझ्या आईला कधीच नव्हती. आजींना मात्र ती सरळ म्हणते, "आज नको, जळजळतंय," आणि आजी तिला दूध देतात.

गूळ बाजारातला यांचे उत्तर

मी थोडक्यात लिहितो. आमची गुळाची अडत आहे. पूर्वी शेतकरी गाडीतून ३० किलोचे रवे उतरवून सौद्याची वाट पाहत बसायचा. भावात आमचे आणि त्याचे पटेल किंवा न पटेल, पण चहा सौद्याच्या आधी द्यायचा, अशी आजोबांची सक्त ताकीद होती. सौदा झाल्यावर दिलेला चहा हा व्यवहाराचा भाग झाला. आधी दिलेला चहा पाहुण्याचा असतो, असे ते म्हणत. भाव न पटल्यामुळे रवे परत गाडीत चढवून दुसऱ्या अडतीवर गेलेले शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा आमच्याकडे आलेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि आल्या आल्या त्यांनी आधी चहाच मागितला आहे.

लेथवाले दादांना एक जोड सुचवतो. कोल्हापुरात राहून साखरेचा चहा कशाला? गुळाचा करून पाहा. गूळ घालून दूध उकळले तर ते फाटते. म्हणून पाणी, भुकटी, आले आणि गवती चहा उकळून घ्यावा, गॅस बंद करून त्यात गूळ विरघळवावा आणि वेगळे तापवलेले म्हशीचे दूध शेवटी घालावे. त्यानंतर पुन्हा उकळी आणू नये.

उद्यमनगरचा लेथवाला यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस लिहिले नाही, कारण आधी काही करून पाहायचे होते.

बाईंच्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. आमच्या आवारात रोज सकाळी आणि दुपारी एक मावशी झाडलोट करायला येतात, आणि लोखंडाचा कीस, म्हणजे बरी, भरून नेणारा एक टेम्पोवाला दिवसाआड चारच्या सुमारास येतो. मावशी आमच्याकडे नऊ वर्षे येत आहेत. त्यांचा चहा आतापर्यंत त्यांना दाराशी मिळत होता, आणि कप कोण धुते हे मी कधी पाहिलेच नव्हते. सगळ्यांचे कप मावशीच धुत होत्या. वडिलांच्या वेळी कप ज्याचे त्याने धुवायचे, असे आमच्या जुन्या फिटरांनी आता मला सांगितले. तो नियम माझ्या हाती किटली आल्यानंतरच्या काळात केव्हा तरी गळून पडला आणि माझ्या लक्षातही आला नाही. म्हणजे वडिलांचे सगळे तसेच चालू ठेवले, असे मी वर लिहिले आहे ते खरे नाही.

मग तीन बदल केले. मावशी आणि टेम्पोवाला यांना बाकावर जागा केली. मावशी पहिल्या दिवशी बसल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर बसल्या. ज्यांना चहा नको त्यांच्यासाठी ताकाची बरणी ठेवली, आणि "का नको" असे विचारायचे नाही हे सर्वांना सांगितले. आश्चर्य म्हणजे पाच जणांनी लगेच ताक घेतले, त्यांत माझ्यासमोर वर्षानुवर्षे मुकाट्याने चहा पिणारे आमचे सर्वांत जुने फिटरही होते. कप धुण्याची पाळी रोज दोघांची लावली आहे आणि तिच्यात माझेही नाव आहे. माझ्या पहिल्याच पाळीला मी एक कप फोडला, त्यावर दोन दिवस चेष्टा झाली.

पुतण्यालाही हे सारे उतारे वाचायला दिले. त्याने गंगाराम कांबळे यांच्याविषयीचा मजकूर दोनदा वाचला, एवढे मी पाहिले. तो यंत्राचा आग्रह सोडायला मात्र तयार नाही. त्याने मधला मार्ग म्हणून सकाळच्या चहाला यंत्र आणि चारला किटली असे सुचवले आहे, आणि मला ते वाजवी वाटते. वीस मिनिटांची पंधरा करता येतील का, हेही तो घड्याळ लावून पाहत होता. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने त्याला बरीच्या भावाविषयी असे काही सांगितले की आमची बरी आम्ही कमी दराने देत आहोत हे त्याच्या ध्यानात आले. त्या दिवशी घड्याळ बाकावरच राहिले.

गुळाचा चहा दोनदा फाटला. तिसऱ्यांदा जमला, पण तो मावशींनी केला होता.